रॅपरमधून इंटरॅक्टिव्ह प्रोग्राम चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा प्रोग्राम माणसाशी बोलायला लिहिलेला असतो. तो प्रश्न विचारतो, उत्तराची वाट बघतो, पासवर्ड मागतो, मधेच ‘खात्री आहे का?’ म्हणतो. तोच प्रोग्राम आपल्याला रात्री दोन वाजता, कुणी समोर नसताना, दुसऱ्या प्रोग्रामकडून, म्हणजे रॅपरकडून, चालवून घ्यायचा असतो. हे काम वरवर दहा ओळींचं दिसतं आणि प्रत्यक्षात आठवडा खातं. ज्या प्रश्नांवर माझ्यासमोर लोक पुन्हा पुन्हा अडकले आणि मीही अडकले, ते इथे मांडले आहेत. उदाहरणं मुख्यतः लिनक्सवरची आहेत. मॅक आणि विंडोज जिथे वेगळं वागतात तिथे तसं म्हटलं आहे.

मुळात याची गरज आहे का?

बरेचदा नसते, म्हणून हा प्रश्न पहिला. अनेक प्रोग्रामना माणसाशिवाय चालण्याची वाट आधीच ठेवलेली असते. दूरच्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या एसएसएचला ‘बॅचमोड’ चालू करून दिला की तो पासवर्ड विचारत बसत नाही, जमलं नाही तर सरळ अपयश कळवतो. अ‍ॅप्ट-गेट या पॅकेज बसवणाऱ्या कमांडला होकाराचा पर्याय आहे. डिस्कचे भाग पाडणाऱ्या एफडिस्कच्या जागी स्क्रिप्टसाठीच बनवलेला एसएफडिस्क आहे. जीडीबी या डीबगरला दुसऱ्या प्रोग्रामने चालवावं म्हणून ‘एमआय’ नावाचा वेगळा इंटरफेस आहे. मॅन्युअलचं पान एकदा शेवटपर्यंत वाचा. अशी वाट सापडली तर माझं हे लेखन इथेच सोडून द्या, कारण माणसासाठी लिहिलेले प्रश्न पुढच्या आवृत्तीत शब्द बदलतात आणि तुमचा रॅपर त्या दिवशी गप्प बसतो.

वाट नसलेलेही प्रोग्राम असतात. एका पतसंस्थेच्या हिशेबाचा प्रोग्राम मी चालवत असे. लिहिणारा माणूस केव्हाच निघून गेलेला, सोर्स कोड कुणाकडे नाही, आणि दिवस बंद करायचा तर सात प्रश्नांना सात उत्तरं टाइप करायची. अशा ठिकाणी पुढचं सगळं लागतं.

हाताने चालवला की प्रश्न दिसतो, पाइप लावला की शुकशुकाट. असं का?

कारण चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे रॅपरने सुरू केलेल्या प्रोग्रामला, कळतं की समोर टर्मिनल नाही. सी लायब्ररी आउटपुट कुठे चाललं आहे ते सुरुवातीलाच बघते. टर्मिनल असेल तर ओळ पूर्ण झाली की ती पुढे ढकलते. पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी नळी) किंवा फाइल असेल तर बफर भरेपर्यंत साठवून ठेवते, आणि लिनक्सवर पाइपसाठी हा बफर साधारण ४०९६ बाइटचा असतो. ‘तारीख टाका:’ हा प्रश्न भरतो जेमतेम तीसेक बाइट. तो चाइल्डच्याच पोटात पडून राहतो. चाइल्डला वाटतं आपण विचारलं, आता उत्तर येईल. तुमचा रॅपर प्रश्न येण्याची वाट बघतो. दोघंही बरोबर, आणि दोघंही सकाळपर्यंत थांबलेले.

यावर बफरिंग बदलणारी ‘एसटीडीबफ’ ही कमांड सुचवली जाते. ती चालते, पण ती चाइल्डमध्ये एक लायब्ररी आधी लोड करून काम साधते. प्रोग्राम स्टॅटिक लिंक केलेला असेल किंवा स्वतःचं बफरिंग स्वतः ठरवत असेल, तर तिचा उपयोग होत नाही. पायथनच्या प्रोग्रामला ‘यू’ हा पर्याय देऊन बफर बंद करता येतो. हे सगळे तात्पुरते इलाज आहेत. खरा इलाज एकच: चाइल्डला टर्मिनल द्या.

पासवर्ड पाइपमधून पाठवला तरी प्रोग्राम तो घेतच नाही.

घेणारही नाही. एसएसएचसारखे प्रोग्राम पासवर्ड विचारताना स्टँडर्ड इनपुटकडे बघतच नाहीत, ते आपल्या सेशनचं (एका टर्मिनलखाली चालणाऱ्या प्रोसेसच्या गटाचं) टर्मिनल थेट उघडतात. पाइपमध्ये तुम्ही काय ओतलं याच्याशी त्यांचा संबंध नाही. हे मुद्दाम केलेलं आहे: डेटा एका वाटेने यावा आणि माणसाचं गुपित दुसऱ्या. दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या सुडोला मात्र कॅपिटल ‘एस’ हा पर्याय दिला की तो पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवरून वाचतो.

स्यूडो-टर्मिनल म्हणजे नेमकं काय?

टीटीवाय हे नाव टेलिटाइप यंत्रावरून आलं. तारेच्या एका टोकाला यंत्र, दुसऱ्या टोकाला संगणक. स्यूडो-टर्मिनलमध्ये, म्हणजे पीटीवायमध्ये, तार तीच राहते, फक्त यंत्राच्या जागी तुमचा प्रोग्राम बसतो. त्याला दोन टोकं असतात. मास्टर टोक तुमच्या हातात, स्लेव्ह टोक चाइल्डच्या हातात, आणि चाइल्डच्या दृष्टीने ते खरंखुरं टर्मिनलच असतं.

दोन टोकांच्या मध्ये कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, एक थर बसलेला असतो, त्याला लाइन डिसिप्लिन म्हणतात. तो नुसती नळी नाही. टाइप केलेलं परत दाखवणं, बॅकस्पेसने खोडणं, ओळ पूर्ण होईपर्यंत चाइल्डला न देणं, कंट्रोल-सी आलं की सिग्नल पाठवणं, ही सगळी कामं तो करतो. पुढची निम्मी उत्तरं याच थरापाशी येऊन थांबतात, म्हणून त्याची ओळख आत्ताच करून घ्या.

तो उघडायचा कसा?

क्रम असा. मास्टर उघडायचा, स्लेव्हचं नाव मिळवायचं, फोर्क करायचा, म्हणजे आपल्या प्रोसेसची प्रत काढायची; ती प्रत म्हणजे चाइल्ड. चाइल्डमध्ये सेटएसआयडीने नवं सेशन सुरू करायचं, स्लेव्ह उघडून त्याला त्या सेशनचं नियंत्रक टर्मिनल करायचं, इनपुट, आउटपुट आणि एरर तिन्ही त्याला जोडायचे, मग एक्झेक, म्हणजे त्या प्रतीच्या जागी हवा तो प्रोग्राम आणायचा. फोर्कपीटीवाय हे फंक्शन एक्झेक सोडून हे सगळं एका फटक्यात करतं. जमेल तिथे तेच वापरा.

हाताने केलं तर दोन चुका हमखास होतात. पहिली, पालक प्रोसेसमध्ये स्लेव्ह बंद करायचा राहतो. मग चाइल्ड मेला तरी स्लेव्हची एक प्रत तुमच्याच हातात उघडी असते, आणि तो संपल्याचं तुम्हाला कधीच कळत नाही. दुसरी, मास्टरवर ‘क्लोज-ऑन-एक्झेक’ (एक्झेक होताच आपोआप बंद होण्याची खूण) लावायचं राहतं. नंतर सुरू केलेल्या दुसऱ्या कुठल्या चाइल्डकडे मास्टरची प्रत जाते, आणि तुम्ही मास्टर बंद केलात तरी तो खऱ्या अर्थाने बंद होत नाही.

तयार लायब्ररी कोणती घ्यावी?

या सगळ्याचं मूळ ‘एक्स्पेक्ट’, प्रश्न ओळखून उत्तर पाठवणारं साधन. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेत डॉन लिब्स यांनी ते टीसीएल भाषेवर उभं केलं आणि १९९० मध्ये युजनिक्सच्या परिषदेत मांडलं. आजही ते उत्तम चालतं. पायथनमध्ये त्याच कल्पनेवरचं पीएक्स्पेक्ट आहे. नोडमध्ये नोड-पीटीवाय, ज्यावर व्हीएस कोडचं टर्मिनल चालतं. गो भाषेतही पीटीवायच्या लायब्ररी आहेत. ज्या भाषेत तुमचं बाकीचं काम आहे तीच घ्या. पायथनसोबत येणाऱ्या पीटीवाय मॉड्यूलचं ‘स्पॉन’ झटपट प्रयोगाला बरं, पण ते खिडकीचा आकार पुढे कळवत नाही, हे लक्षात ठेवा.

मी पाठवलेलं मलाच परत का येतं? आणि ओळीच्या शेवटी जास्तीचं अक्षर कसलं?

परत येतो तो इको. टर्मिनलवर टाइप करणाऱ्याला आपली अक्षरं दिसावीत म्हणून लाइन डिसिप्लिन ती परत पाठवतं. तुम्ही ‘यादी’ असं पाठवलंत तर उत्तराआधी ‘यादी’ वाचायला मिळेल. एक तर इको बंद करून सुरुवात करा, नाही तर पहिली ओळ ओळखून गाळा. दोन्हीपैकी एकच करा.

जास्तीचं अक्षर म्हणजे कॅरेज रिटर्न. चाइल्ड फक्त न्यूलाइन लिहितो, पण वाटेत कर्नल तिच्या आधी कॅरेज रिटर्न घालतं. उलट दिशेने, एंटर कळ कॅरेज रिटर्न पाठवते आणि कर्नल तिची न्यूलाइन करतं. चाइल्ड रॉ मोडमध्ये असेल, म्हणजे त्याने कर्नलला बाइटना हात लावू नको असं सांगितलं असेल, तर ही अदलाबदल होत नाही. तिथे तुम्ही न्यूलाइन पाठवून बसलात, तर प्रोग्राम एंटरची वाट बघत राहतो आणि तुम्हाला वाटतं आपण एंटर दिलं.

प्रश्न आला की उत्तर पाठवण्याआधी किती सेकंद थांबू?

एकही नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या. घड्याळ बघून उत्तर द्यायचं नसतं, चाइल्ड काय म्हणाला ते वाचून द्यायचं असतं.

पतसंस्थेच्या त्या प्रोग्रामसाठी माझा पहिला रॅपर असा होता: सुरू कर, दोन सेकंद थांब, पासवर्ड पाठव, दोन सेकंद थांब, तारीख पाठव. तीन महिने तो बिनबोभाट चालला. मार्चअखेरीला सर्व्हरवर व्याजाचा हिशेब चालू होता, प्रोग्राम उघडायला तीन सेकंद लागले. माझा पासवर्ड दुसऱ्या सेकंदाला गेला. प्रोग्रामने अजून इको बंद केलेला नव्हता, त्यामुळे कर्नलने पासवर्ड जसाच्या तसा परत दाखवला आणि माझ्या लॉगने तो इमानाने लिहून घेतला. पुढे प्रोग्रामने इको बंद करताना आधी आलेलं इनपुट टाकून दिलं, पासवर्ड गेला, आणि तारीख पासवर्डच्या जागी जाऊन पडली. सकाळी लॉग उघडला तर पहिल्याच ओळीत उघडा पासवर्ड, आणि तो लॉग रोजच्यासारखा चार जणांना मेलने गेलेला. पासवर्ड बदलला, दिवस हाताने बंद केला, आणि त्या दुपारी रॅपरमधली प्रत्येक ‘स्लीप’ काढून टाकली.

त्या जागी काय आलं? प्रत्येक पायरीला तीन गोष्टी: कशाची वाट बघायची, किती वेळ, आणि ते न येता दुसरंच काही आलं तर काय. तिसरी गोष्ट लोक विसरतात. ‘तारीख टाका’ची वाट बघताना ‘पासवर्ड चुकीचा’ आणि ‘प्रोग्राम संपला’ हेही पॅटर्नच्या यादीत हवेत, नाही तर चूक झाल्यावर नुसता टाइमआउट हाती लागतो आणि कारण कळत नाही. एक्स्पेक्टचा टाइमआउट मूळचा १० सेकंदांचा, पीएक्स्पेक्टचा ३० सेकंदांचा असतो. हे आकडे म्हणजे वरची मर्यादा आहे, थांबण्याचा ठराविक वेळ नव्हे. प्रश्न लगेच आला तर रॅपर लगेच पुढे जातो, म्हणून मर्यादा सढळ हाताने वाढवा.

पासवर्डच्या बाबतीत आणखी एक बारीक फट उरते. काही प्रोग्राम आधी ‘पासवर्ड:’ छापतात आणि मग इको बंद करतात. माणूस तेवढ्या वेळात बोटही हलवत नाही, पण प्रोग्राम त्या फटीत शिरतो. म्हणूनच पीएक्स्पेक्ट प्रत्येक वेळी पाठवण्याआधी ०.०५ सेकंद थांबतं. त्यापेक्षा पक्का उपाय म्हणजे इको खरोखर बंद झाला का ते टर्मिनललाच विचारणं; पीएक्स्पेक्टमध्ये त्यासाठी ‘वेटनोइको’ आहे.

प्रश्न समोर दिसतो तरी पॅटर्न जुळत नाही.

आलेले बाइट जसेच्या तसे छापून बघा, टर्मिनलवर नव्हे, आकड्यांत. बहुतेक वेळा मध्ये एस्केप सिक्वेन्स निघतात: रंग, कर्सर हलवणं. बॅश हा शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) चालवत असाल तर एक खास कारण आहे. बॅशसाठी ओळ वाचणारी लायब्ररी रीडलाइन, तिच्या ८.१ आवृत्तीपासून ‘ब्रॅकेटेड पेस्ट’ मुळातच चालू असतं आणि प्रत्येक प्रॉम्प्टपाशी (पुढची कमांड मागणाऱ्या खुणेपाशी) एस्केप, चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, २००४ आणि ‘एच’ अशी मालिका येते. कालपर्यंत चालणारे रॅपर नव्या डिस्ट्रिब्युशनवर याच एका गोष्टीने पडतात. चाइल्डला ‘टर्म’ या व्हेरिएबलमध्ये ‘डंब’ असं सांगा. बरीच नक्षी तिथेच थांबते.

शेल चालवायचा असेल तर प्रॉम्प्टच बदलून टाका. नुसतं डॉलरचं चिन्ह आउटपुटमध्ये कुठेही येऊ शकतं. दुसरीकडे कुठेच येणार नाही असा लांब, विचित्र शब्द प्रॉम्प्ट म्हणून ठेवा. गिटसारखे प्रोग्राम टर्मिनल दिसलं की मजकूर पेजरमध्ये (एकेक पान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) नेतात आणि ‘क्यू’ दाबण्याची वाट बघतात. तेव्हा पेजर म्हणून ‘कॅट’ द्या.

आणि एका वाचनात पूर्ण प्रश्न येईल असं कधीच धरू नका. ‘तारी’ आत्ता, ‘ख टाका:’ नंतर, असं येतं. पॅटर्न साठवलेल्या मजकुरावर लावा, ताज्या तुकड्यावर नको.

देवनागरी मजकूर मधेच तुटतो, चौकोन दिसतात.

हा प्रश्न आपल्या लोकांना इतरांपेक्षा लवकर भेटतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) तीन बाइटचा. ‘क्षितिज’ लिहिताना क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे सात कोडपॉइंट लागतात, म्हणजे २१ बाइट. तुम्ही १०२४ बाइटच्या तुकड्यांनी वाचत असाल आणि नुसती देवनागरी येत असेल, तर ३४१ कोडपॉइंट पूर्ण होतात आणि पुढच्याचा एकच बाइट हाती उरतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे डीकोड केलात की तिथे चौकोन आलाच. इंग्रजी मजकुरावर चाचणी केली तर हा दोष दिसतच नाही. उपाय सोपा आहे: अर्धवट बाइट पुढच्या खेपेसाठी राखून ठेवणारा इन्क्रिमेंटल डीकोडर वापरा.

लाइन डिसिप्लिनला मजकूर यूटीएफ-८ आहे हे सांगणारा एक फ्लॅग लिनक्समध्ये आहे, ‘आययूटीएफ-८’. तो लावलेला नसेल तर एक बॅकस्पेस एकच बाइट खोडतो आणि दोन भटके बाइट ओळीत राहतात. लावलेला असला तरी एका बॅकस्पेसला एक कोडपॉइंट जातो, आख्खं जोडाक्षर नाही.

लांबलचक ओळ पाठवली की शेपूट गळून पडतं.

ओळ पूर्ण होईपर्यंत साठवणाऱ्या कॅनॉनिकल मोडला लिनक्सवर न्यूलाइन धरून ४०९६ बाइटची मर्यादा आहे. त्यापलीकडचं निमूट टाकून दिलं जातं, एरर येत नाही. मोठा मजकूर फाइलमधून द्या.

कंट्रोल-सी कसं पाठवायचं? चाइल्डला सिग्नल मारला तरी त्याची कामं चालूच राहतात.

मास्टरवर ३ हा बाइट लिहा. लाइन डिसिप्लिन तो बघून फोरग्राउंड प्रोसेस ग्रुपला, म्हणजे त्या क्षणी टर्मिनलचा ताबा असलेल्या प्रोसेसच्या आख्ख्या गटाला, सिगइंट हा थांबवण्याचा सिग्नल पाठवतं. तुम्ही फक्त चाइल्डच्या पीआयडीला (प्रोसेसच्या क्रमांकाला) सिग्नल दिलात, आणि तो चाइल्ड शेल असेल, तर शेलने सुरू केलेलं काम तसंच चालू राहतं. मात्र चाइल्ड रॉ मोडमध्ये असेल तर ३ हा त्याच्यासाठी साधा बाइट आहे; काय करायचं ते तो ठरवतो. माणसाने दाबलेल्या कळेचंही तेच होतं, म्हणून मला बाइट पाठवणंच बरोबर वाटतं.

कंट्रोल-डी म्हणजे बाइट ४. ओळीच्या सुरुवातीला पाठवला तर ‘संपलं’ असा अर्थ होतो. अर्धवट ओळीनंतर पाठवला तर तेवढी ओळ पुढे जाते, बाकी काही होत नाही.

कंट्रोल-झेडने बरेच जण गोंधळतात. फोर्कपीटीवायने थेट विम हा एडिटर सुरू केलात आणि कंट्रोल-झेड दिलंत तर तो थांबत नाही. त्याच्या सेशनमध्ये त्याला पुन्हा जागं करणारा शेल नसतो. असा ग्रुप कर्नलच्या लेखी अनाथ, आणि अनाथ ग्रुपला टर्मिनलचा थांबण्याचा सिग्नल लागू पडत नाही. मध्ये शेल ठेवलात की नेहमीसारखं चालतं.

मधेच ताबा वापरणाऱ्याच्या हातात द्यायचा आहे.

तुमचं स्वतःचं टर्मिनल रॉ मोडमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक कळ अर्थ न लावता चाइल्डकडे जाईल. नाही तर दोन लाइन डिसिप्लिन एकामागे एक लागतात आणि प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. मग ‘पोल’ (कुठल्या बाजूने काही आलं ते सांगणारं फंक्शन) लावून दोन्ही बाजू बघत राहायचं: कीबोर्डकडून आलेलं मास्टरला, मास्टरकडून आलेलं पडद्याला.

रॉ मोडमध्ये जाण्याआधीची सेटिंग जपून ठेवा आणि बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर परत लावा, रॅपर कोसळतो त्या वाटेवरसुद्धा. नाही तर वापरणाऱ्याचं टर्मिनल बिघडलेलं राहतं. तो टाइप करतो, दिसत काही नाही, आणि त्याला वाटतं मशीनच गेलं. अशा वेळी न दिसताही ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबायला सांगा. रॉ मोडमुळे एंटर लागत नसेल तर त्याऐवजी कंट्रोल-जे.

खिडकीचा आकारही तुमचीच जबाबदारी. नवा पीटीवाय शून्य बाय शून्य आकाराचा जन्मतो. सुरुवातीला २४ ओळी, ८० स्तंभ असं काहीतरी द्या, आणि तुमच्या खिडकीचा आकार बदलून सिगविंच हा सिग्नल आला की नवा आकार मास्टरवर लावा. चाइल्डला सिगविंच कर्नल स्वतः पोचवतं.

टॉप, विम असे पूर्ण पडदा घेणारे प्रोग्राम वाचता येतील?

ओळी शोधून नाही. तिथे मजकूर क्रमाने येत नाही, कर्सर उड्या मारत रंगवतो. मध्ये टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे आलेल्या बाइटवरून पडदा उभा करणारा प्रोग्राम, ठेवावा लागतो. पायथनमध्ये पायटे आहे. टीमक्स या टर्मिनल सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये तो चालवून कळा पाठवणं आणि पडद्याची प्रत घेणं हा त्याहून सोपा मार्ग आहे.

विंडोजवर काय?

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून कॉनपीटीवाय आहे. त्याआधी विनपीटीवाय नावाचा आडमार्ग वापरत. पीएक्स्पेक्टचं नेहमीचं ‘स्पॉन’ तिथे चालत नाही, आणि पाइपवरचं जे पर्यायी रूप आहे त्याला वरच्या पाइपच्या सगळ्या अडचणी लागू होतात.

चाइल्ड संपला हे कसं ओळखायचं?

लिनक्सवर मास्टर वाचताना ईआयओ ही एरर येते. ती एरर म्हणजे बिघाड नव्हे, ‘स्लेव्ह धरून ठेवणारं कुणी उरलं नाही’ असा निरोप आहे. मॅकवर त्या जागी साधा ईओएफ, म्हणजे ‘मजकूर संपला’ असा निरोप, मिळतो. दोन्ही सांभाळा. क्रमही महत्त्वाचा: आधी उरलेलं सगळं वाचा, मग वेटपीआयडी करून चाइल्डचा निकाल घ्या. चाइल्ड संपल्याचा सिगचाइल्ड आला म्हणून लगेच मास्टर बंद केलात तर शेवटच्या ओळी जातात, आणि नेमकी चूक काय झाली ते त्याच ओळींत लिहिलेलं असतं.

वेटपीआयडी केलं नाही तर चाइल्ड झोंबी होऊन यादीत राहतो. निकाल वाचताना ‘स्वतः संपला’ आणि ‘सिग्नलने मेला’ हे दोन वेगळे धरा. आणि चाइल्ड संपूनही ईआयओ येत नसेल तर त्याने मागे सोडलेली एखादी पार्श्वभूमीतली प्रोसेस स्लेव्ह धरून बसली आहे. मास्टर बंद केला की सेशनच्या मुख्य प्रोसेसला आणि फोरग्राउंड ग्रुपला सिगहप (टर्मिनल गेल्याचा सिग्नल) जातो. त्यानंतरही उरलेल्यांना सिगटर्म (संपण्याची विनंती), आणि थोडी वाट बघून मगच सिगकिल (सक्तीने मारणं).

पासवर्ड कुठे ठेवू?

कमांडच्या ओळीत नाही. चालू प्रोसेसची यादी दाखवणारी ‘पीएस’ चालवणाऱ्या कुणालाही तो दिसतो. रॅपरच्या कोडमध्येही नाही. फक्त त्या खात्यालाच वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवा, आणि पासवर्ड पाठवण्याच्या पायरीपुरतं लॉगिंग बंद करा. एसएसएच असेल तर पासवर्डच नको, त्याऐवजी एसएसएच-की (किल्लीची फाइल) वापरा.

रॅपर अडकला आहे. कुठून सुरुवात करू?

मारून टाकू नका, तो अडकलेला असतानाच बघा. चाइल्डच्या पीआयडीवर एसट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणारी कमांड) लावा. शेवटच्या ओळीत टर्मिनलवरचा ‘रीड’ अर्धवट उभा दिसला तर चाइल्ड तुमच्या उत्तराची वाट बघतो आहे. तुमचा पॅटर्न जुळलेला नाही, साठवलेला मजकूर बाइटमध्ये छापा. ‘राइट’ उभा दिसला तर उलट आहे: तुम्ही मास्टर वाचणं थांबवलं, मधला बफर भरला, आणि चाइल्डला बोलायला जागा उरलेली नाही. ‘वेट’ दिसला तर चाइल्ड स्वतःच्या चाइल्डसाठी थांबला आहे. एसट्रेस एक पायरी खाली लावा.